घरामागच्या बर्फातल्या पाऊलखुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मिशिगनच्या दक्षिण भागातली उपनगरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घरामागे थोडी हिरवळ, एखादा ओक किंवा मेपल, कुंपणाशी झुडपं, टांगलेला बर्ड फीडर, असं आपल्यापैकी बहुतेकांचं बॅकयार्ड असतं. दक्षिण ओंटारियो, ओहायो, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स इथेही जवळपास हेच प्राणी आहेत, त्यामुळे तिथल्या मराठी घरांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मापं इंचांत आहेत. सेंटिमीटर हवे असतील तर अडीचने गुणा.

सकाळी दार उघडलं तर अंगणभर खुणा. सुरुवात कुठून करायची?

ठशावर वाकण्याआधी दोन पावलं मागे सरा आणि अख्खा माग बघा. बोटं मोजायचा मोह प्रत्येकाला होतो, पण भुसभुशीत बर्फात बोटं क्वचितच उमटतात. दिसतात ते नुसते खड्डे. त्या खड्ड्यांची मांडणी मात्र टिकते, आणि मांडणीतून प्राण्याची चाल कळते. चाल कळली की अर्धंअधिक काम झालं.

बॅकयार्डमध्ये मुख्यतः चार प्रकारच्या चाली दिसतात. चार ठशांचा पुंजका, मग कोरी जागा, मग पुन्हा पुंजका, असं दिसलं तर प्राणी उड्या मारत गेला आहे: खार, ससा किंवा उंदीर. ठसे एकाआड एक, जवळजवळ एका ओळीत असतील तर मांजर, कुत्रा, खोकड किंवा कायोटी (लांडग्याच्या कुळातला इथला प्राणी). दोन-दोन ठसे जरा तिरपे शेजारी-शेजारी आणि प्रत्येक जोडीनंतर मोकळी जागा असेल तर विझल (लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी) किंवा त्याच्या कुळातला कोणीतरी. आणि प्रत्येक पावलाला एक मोठा व एक लहान ठसा बाजूबाजूला पडलेला असेल तर तो रकून.

मग माग कुठून आला आणि कुठे गेला ते बघा. बुंध्याशी सुरू होऊन दुसऱ्या बुंध्याशी संपणारा माग खारीचा. झुडपातून झुडपात जाणारा सशाचा. गॅरेजच्या पायाच्या फटीतून निघालेले बारीक ठसे उंदराचे. डेकखालून निघून अंगणभर भटकून पुन्हा डेकखाली गेलेला माग स्कंक (उग्र वासाचा फवारा मारणारा प्राणी) किंवा ओपॉसमचा असू शकतो. हे सगळं बोटं न मोजता कळतं.

कोणत्या दिवशी खुणा सगळ्यात छान दिसतात?

मध्यरात्रीच्या सुमाराला बर्फ थांबला, खाली जुना घट्ट थर आहे आणि वर एक-दोन इंच नवा ओलसर बर्फ, हा सगळ्यात चांगला योग. त्या सकाळी दिसणारा प्रत्येक ठसा गेल्या काही तासांतला असतो. फूटभर भुसभुशीत बर्फ पडला तर लहान प्राण्यांचे नुसते चर दिसतात, आणि कडक बर्फावर हलक्या प्राण्याचा मागच राहत नाही. ऊन चढायच्या आत बाहेर पडा.

प्राणी कोणत्या दिशेने गेला हे कसं ओळखायचं? आम्हाला ते नेहमी उलटंच वाटतं.

उडी मारणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत बहुतेकांना उलटं वाटतं, आणि त्याला कारण आहे. खार किंवा ससा धावताना आधी पुढचे पाय टेकवतो, मग मागचे पाय पुढच्या पायांच्या बाहेरून त्यांच्याही पुढे जाऊन पडतात. म्हणजे पुंजक्यातले दोन मोठे ठसे मागच्या पायांचे असूनही ते पुढे असतात. मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला प्राणी गेला. एखादी खार फीडरकडे धावत असेल तेव्हा खिडकीतून तिचे पाय नीट बघा आणि ती गेल्यावर तिचे ठसे बघायला जा. एकदा डोळ्यांनी जुळवलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

खार की ससा? दोघांचेही चार ठशांचे पुंजके दिसतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर पुढच्या पायांच्या लहान ठशांत आहे.

खार झाडावर चढणारा प्राणी. ती पुढचे दोन्ही पाय शेजारी-शेजारी टेकवते. त्यामुळे तिचा पुंजका चौकोनी दिसतो: दोन मोठे ठसे पुढे, दोन लहान मागे, दोन्ही जोड्या आडव्या. ससा पुढचे पाय एकामागे एक टाकतो. त्याचे मागचे मोठे ठसे शेजारी-शेजारी असतात, लहान ठसे मात्र एकाखाली एक, म्हणून पुंजका लांबट आणि त्रिकोणी होतो. हा फरक इतका पक्का आहे की बर्फ अर्धवट वितळलेला असला तरी बहुतेक वेळा चालून जातो.

ठसा स्वच्छ असेल तर बोटंही बघा. खारीच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटं, सगळी सुटी-सुटी आणि नखांच्या टोकांसह उमटतात. सशाचे तळवे केसांनी झाकलेले असतात, त्यामुळे गाद्या दिसत नाहीत. ठसा अंडाकृती आणि पुढे निमुळता दिसतो. मिशिगनमध्ये अंगणात येणारा ससा म्हणजे कॉटनटेल. त्याच्या मागच्या पायाचा ठसा साधारण अडीच ते सव्वातीन इंच भरतो.

माग जिथे थांबतो तिथेही उत्तर मिळतं. बर्फात खणलेला खड्डा, कडेला विखुरलेली काळी माती आणि सुकी पानं, जवळच ओकच्या बीचं फुटलेलं कवच: ही खार. शरद ऋतूत तिने एक-एक करून पुरलेल्या बिया ती आठवणीने आणि वासाने शोधते. सशाच्या थांब्यावर वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या सापडतात आणि जवळच्या झुडपाच्या काड्या तिरप्या, चाकूने कापाव्यात इतक्या स्वच्छ तुटलेल्या असतात. हरणाने खाल्लेली काडी अशी नसते. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते काडी ओढून तोडतं आणि टोक चिंधाळलेलं राहतं.

मिशिगनमध्ये खारी तीन-चार प्रकारच्या दिसतात. ठशांवरून कोणती ते कळतं का?

तांबडी खार लहान असते. तिच्या पुंजक्याची रुंदी तीन ते चार इंच. करडी खार आणि फॉक्स स्क्विरल या दोघींची साधारण चार-पाच इंच, आणि त्या दोघींत ठशावरून खात्रीने फरक करता येत नाही. काळी खार ही वेगळी जात नाही, ती करड्या खारीचाच काळा प्रकार आहे. मिशिगन आणि ओंटारियोत ती भरपूर दिसते. उडणारी खार इथे आहे, पण ती रात्री फिरते. मोकळ्या बर्फात अचानक सुरू झालेला खारीसारखा बारीक माग दिसला तर तिचा विचार करा.

अगदी बारीक ठसे आहेत आणि मधून एक रेघ गेली आहे. हा साप तर नाही?

नाही, थंडीत इथले साप जमिनीखाली असतात. ती रेघ शेपटीची आहे. चार-चार बारीक ठिपके, पुंजक्याची रुंदी दीड इंचाच्या आसपास, आणि पुंजक्यांच्या मधून शेपटीची नाजूक रेघ, हा पांढऱ्या पायांचा उंदीर किंवा त्याचा सख्खा भाऊ डिअर माऊस. ठशांवरून या दोघांना वेगळं काढता येत नाही. ताज्या बर्फावर हा माग धावदोऱ्याच्या शिलाईसारखा दिसतो: सरळ आणि नेमका, बुंध्यापासून शेडपर्यंत किंवा लाकडाच्या ढिगापासून फीडरच्या खांबापर्यंत. मोकळ्यावर रेंगाळणं उंदराला परवडत नाही, म्हणून तो माग इतका सरळ असतो.

उंदरासारखाच, पण आखूड शेपटीचा आणि गुबगुबीत असा व्होल इथे भरपूर आहे. तो उड्या कमी मारतो आणि तुरुतुरु चालतो, म्हणून ठसे एकाआड एक पडतात आणि शेपटीची रेघ सहसा नसते. तो फार वेळ वर राहतही नाही; थोडं चालून बर्फात गोल भोक पाडून खाली जातो.

याहूनही अरुंद, इंचभर रुंदीचा, वळणावळणाचा माग दिसला आणि मध्येच बर्फाचा पृष्ठभाग फुगून बोगदा झालेला दिसला, तर तो श्रू. ही आपल्या चिचुंद्रीच्या कुळातली मंडळी. इथल्या आखूड शेपटीच्या श्रूच्या लाळेत विष असतं, त्याने ती आपल्याएवढ्या व्होललाही लुळं करते. सस्तन प्राण्यांत विष असलेले फार थोडे, आणि त्यातली एक जात आपल्या तुळशीच्या कुंडीपासून दहा फुटांवर बर्फाखाली शिकार करत असते. मला हे माहीत झाल्यापासून अंगणाकडे बघण्याची नजर बदलली.

बर्फात गोल भोकं आहेत, पण आत जाणारा किंवा बाहेर येणारा माग कुठेच नाही. खाली काय आहे?

खाली एक वसलेलं जग आहे. सहा-आठ इंच बर्फ साचला की तो पांघरुणाचं काम करतो. जमिनीत उरलेली ऊब वर येते, तळाशी असलेल्या बर्फाची वाफ होते आणि तिथे खडीसाखरेच्या दाण्यांसारखे सुटे, ठिसूळ स्फटिक तयार होतात. या थरात चालायला जागा मिळते. बाहेर उणे वीस सेल्सिअस असलं तरी जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं. व्होल, श्रू आणि उंदीर हिवाळ्याचा बराच काळ इथेच काढतात. तिथे त्यांच्या वाटा, गवताची घरटी, शौचाच्या जागा सगळं असतं.

भोकं ही त्यांची दारं आणि झरोके. एखाद्या भोकाच्या कडेला दवासारखे बर्फाचे काटे जमलेले दिसले तर खालून ऊबदार, दमट हवा येते आहे. स्नोमोबाईलने किंवा मुलांच्या घसरगुंडीने बर्फ दाबला गेला की हा थर नष्ट होतो, म्हणून अंगणाचा एखादा कोपरा न तुडवता ठेवायची विनंती मी आग्रहाने करतो.

माग सरळ चालला होता आणि मध्येच संपला. प्राणी गेला कुठे?

शेवटच्या ठशाच्या दोन्ही बाजू बघा. गॅरेजमागे मला असा माग दिसला होता: उंदराचे ठिपके, शेपटीची रेघ, शेवटच्या तीन उड्या आधीच्यापेक्षा दुपटीने लांब. पुढे बर्फात एक खळगा, आणि खळग्याच्या डावी-उजवीकडे बोटांएवढ्या रुंद पिसांच्या रेघा, बाहेरच्या टोकाला अगदी पुसट होत गेलेल्या. पंख्यासारख्या पसरलेल्या या रेघा पंखांच्या. उंदीर रात्री फिरतो, त्यामुळे शिकारी बहुधा घुबड होतं. फीडरजवळ दिवसाउजेडी पक्ष्यांवर झडप पडली असेल तर इथे बहुतेक वेळा कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी असतो.

पंखांचा प्रत्येक ठसा शिकारीचा नसतो हेही सांगायला हवं. होला किंवा कावळा उडताना पहिल्या फटक्यात पंख बर्फाला लागतात. मग पक्ष्याचा चालत आलेला माग असतो, खळगा नसतो आणि पंखांच्या खुणा उथळ असतात.

मांजर, कुत्रा की खोकड?

तिघांच्याही पायांना चार बोटं उमटतात. मांजराचा ठसा गोल, इंच-दीड इंचाचा, आणि नखं दिसत नाहीत कारण चालताना ती आत ओढलेली असतात. तळव्याच्या गादीची मागची कड तीन भागांची असते. मांजर मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात ठेवते, म्हणून दोनच पायांचा प्राणी चालत गेल्यासारखा माग दिसतो.

कुत्र्याची नखं ठळक उमटतात आणि माग बेशिस्त असतो. तो रोज खाऊन-पिऊन घरी झोपलेला असतो, त्याला ताकद वाचवायची गरज नाही. म्हणून तो वळतो, थांबतो, गोल फिरतो, परत येतो. शेजारी माणसाच्या बुटांचा माग असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

लाल खोकड ताकद जपून चालतं. त्याचा माग काढलेल्या ओळीसारखा सरळ कुंपणालगत जातो. ठसा दोन ते अडीच इंच लांब, अरुंद, आणि कडा पुसट, कारण हिवाळ्यात त्याच्या तळव्यांवर दाट केस असतात. पुढच्या पायाच्या गादीवर एक आडवी, किंचित वाकलेली पट्टी कधीकधी स्पष्ट उमटते. ती दिसली तर शंकाच नको. खोकड बर्फाखालच्या व्होलचा आवाज ऐकून हवेत उंच उडी घेतं आणि तोंडावर पडतं, त्यामुळे मागाच्या मध्येच एक खोल खड्डा सापडतो. २०११ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी दाखवलं की उंच गवतात आणि बर्फात खोकडाच्या ईशान्येकडे घेतलेल्या झेपा इतर दिशांपेक्षा खूप जास्त यशस्वी होतात, आणि त्यामागे पृथ्वीचं चुंबकत्व असावं असं त्यांनी सुचवलं. असा खड्डा सापडला तर फोनमधलं होकायंत्र काढून दिशा बघाच.

ठसा अडीच-तीन इंचांच्या वर, खोकडासारखाच सरळ माग, पण बोटं ठसठशीत: हा कायोटी. डेट्रॉईटच्या उपनगरांत ते आहेत. लहान कुत्रा असेल तर रात्री त्याला एकटं बाहेर सोडू नका.

पाच बोटांचे ठसे कोणाचे?

बहुधा रकून, ओपॉसम आणि स्कंक, या तिघांपैकी कोणाचे तरी.

रकूनची पाचही बोटं लांब आणि सुटी असतात. मागचा ठसा तीन-चार इंच लांब, टाचेसह. तो डुलत चालतो, एका बाजूचा मागचा पाय दुसऱ्या बाजूच्या पुढच्या पायाशेजारी पडतो, आणि म्हणून मोठा-लहान अशा जोड्या दिसतात. कडाक्याच्या थंडीत तो कित्येक दिवस झाडाच्या ढोलीत किंवा कुणाच्या पोटमाळ्यावर झोपून काढतो. जानेवारीच्या शेवटी दोन दिवस उबदार गेले की अचानक सगळीकडे त्याचे ठसे दिसायला लागतात, कारण त्यांच्या जोड्या जमण्याचा काळही तोच.

ओपॉसमच्या मागच्या पायाला अंगठा असतो, आणि तो बाजूला, कधीकधी मागच्या दिशेला वळलेला उमटतो. त्या अंगठ्याला नख नसतं. पुढच्या पायाची बोटं चांदणीसारखी फाकलेली. मधून शेपटी फरफटल्याची खूण अनेकदा असते. अमेरिका आणि कॅनडात मिळणारा हा एकमेव पिशवीधारी प्राणी. तो मूळचा दक्षिणेकडचा, उत्तरेकडे सरकत आलेला. शेपटी आणि कान उघडे असल्याने थंडीत त्यांची टोकं गळतात. त्याला पिटाळून लावू नका, तो निरुपद्रवी आहे.

स्कंकची बोटं आखूड आणि एकमेकांना चिकटलेली, पण पुढच्या पायाची नखं लांब, बोटांपासून बरीच पुढे टोचलेली दिसतात. माग ठिकाण नसल्यासारखा भटकतो. फेब्रुवारीत नर माद्यांच्या शोधात लांब फिरतात, तेव्हा मागाबरोबर वासही येतो.

चिपमंक आणि वुडचक?

चिपमंक, म्हणजे आपल्या पट्ट्यांच्या खारीसारखा दिसणारा तो छोटा, बिळात धान्याच्या साठ्यावर झोपतो, मधून उठून खातो आणि पुन्हा झोपतो. उबदार दिवशी कधीतरी वर येतो. त्याचा माग खारीसारखाच, पण दोन-तीन इंच रुंद. वुडचक, म्हणजे बिळात राहणारा खारीच्याच कुळातला जाडजूड प्राणी, खऱ्या अर्थाने शीतनिद्रेत असतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून नर बाहेर येऊ लागतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिसलेला माग त्याचा मानू नका.

पक्ष्यांचे ठसे कसे वेगळे करायचे?

चिमण्यांच्या आकाराचे जमिनीवर टिपणारे पक्षी, त्यांतही करडे-पांढरे जंको, दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारतात, त्यामुळे ठसे जोडीजोडीने पडतात. होला आणि कावळा चालतात; ठसे एकाआड एक. होल्याची पावलं आत वळलेली. कावळ्याचा ठसा तीन इंचांपर्यंत, आणि पाऊल उचलताना मधलं बोट ओढल्याची रेघ असते. चार इंचांचा तीन जाड बोटांचा ठसा दिसला तर रानटी टर्की, आणि ती एकटी येत नाही.

दुपारी बघितलं तर अंगणात बिबट्याएवढे ठसे होते!

सकाळी बघितलं असतं तर मांजराचे असते. ऊन लागलं की ठशाच्या कडा वितळून बाहेर सरकतात, नखं-बोटं नाहीशी होतात आणि दोन दिवसांत दीड इंचाचा ठसा चार इंचांचा होतो. चार ठशांचा पुंजका वितळून एकच मोठं पाऊल बनतो तेव्हा तर काहीही वाटू शकतं. अशा वेळी ठशाचं माप सोडून द्या आणि दोन पावलांमधलं अंतर मोजा. ते वितळण्याने फारसं बदलत नाही. शक्य असेल तर सावलीत, घराच्या उत्तरेकडे त्याच मागाचा एखादा ठसा शोधा. कूगरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराच्या, नोंदी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात पक्क्या झालेल्या आहेत, पण नोव्हाय किंवा ट्रॉयसारख्या डेट्रॉईटच्या उपनगरातल्या अंगणात मांजरच धरून चाला.

बर्फावर लाल-केशरी डाग आहेत. प्राणी जखमी झाला का?

आजूबाजूला सशाच्या लेंड्या असतील तर ते सशाचं मूत्र आहे. हिवाळ्यात तो साली आणि काड्या खातो, त्यांतल्या रंगद्रव्यांमुळे मूत्र पिवळ्यापासून थेट विटकरीपर्यंत कुठल्याही रंगाचं होतं. ओढल्याच्या खुणा, केस किंवा पिसं असतील तरच रक्ताचा विचार करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याशी बर्फावर काळी पूड पडल्यासारखी दिसली आणि ती टुणटुण उडायला लागली तर घाबरू नका. त्या बर्फपिसवा. नाव पिसवांचं असलं तरी त्या चावत नाहीत. त्या कुजलेला पाला आणि बुरशी खातात.

ओळख पटवून घेण्यासाठी फोटो कसा काढू?

तीन फोटो हवेत. एक, अख्ख्या मागाचा, उभ्याने, ज्यात तो कुठून कुठे गेला ते दिसेल. दुसरा, दोन-तीन पुंजक्यांचा. तिसरा, एका स्वच्छ ठशाचा, अगदी सरळ वरून, शेजारी पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर क्वार्टरचं नाणं ठेवा, त्याचा व्यास जवळजवळ एक इंच असतो. हातमोजा किंवा बूट ठेवू नका. बघणाऱ्याला तुमच्या बुटाचं माप माहीत नसतं.

बर्फाच्या पांढऱ्यामुळे फोन फोटो करडा करून टाकतो, तेव्हा उजेड थोडा वाढवा. डोक्यावरच्या उन्हात ठसे सपाट दिसतात. संध्याकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून प्रकाश टाकलात तर प्रत्येक बोटाची सावली उभी राहते. हा उपाय मुलांना फार आवडतो. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, तिथे ठशांच्या नोंदीही स्वीकारल्या जातात.

मुलांना ठशाचा साचा करायचा आहे. प्लास्टरने बर्फ वितळतो ना?

वितळतो, कारण प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. आधी ठशावर थंड पाण्याचा बारीक फवारा मारा आणि पातळ बर्फाचा थर जमू द्या. प्लास्टर बर्फाच्या पाण्यात कालवा, बाजूने हळू सोडा. हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली असेल तेव्हाच करा आणि तासभर हात लावू नका. पहिले एक-दोन बिघडतील हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

ताडोब्यात गाईडने पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलांचे ठसे, दाखवले होते. तीच पद्धत इथे चालेल का?

प्राणी ओळखण्यापुरती नक्की चालेल. सकाळच्या धुळीत उमटलेला ठसा आणि नव्या बर्फातला ठसा सारख्याच नजरेने वाचतात: ताजा किती, दिशा कोणती, चाल कशी. ताडोब्यातला गाईडही गाडी थांबवून आधी रस्त्याच्या लांबीवर नजर टाकतो, मग ठशाकडे वळतो.

तोच एक विशिष्ट प्राणी ओळखण्याची गोष्ट वेगळी. भारतात १९६६ मध्ये सरोज राज चौधरी यांनी पगमार्कवरून वाघ मोजण्याची पद्धत घालून दिली आणि ती अनेक दशकं चालली. पण माती बदलली, वाघाचा वेग बदलला, की ठसा बदलतो. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, आणि त्यानंतर देशभर मोजणीसाठी कॅमेरा ट्रॅप आले. म्हणून अंगणातल्या दोन मागांवरून ‘आपल्याकडे दोन ससे आहेत’ असं छातीठोक म्हणू नका. एकच ससा रात्रीत चारदा येऊन जातो.

यातलं काही धोक्याचं आहे का?

ठसे बघण्यात धोका नाही. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. रकून ठरावीक जागी शौच करतात: लाकडाचा ढीग, झाडाचं खोड, डेकचा कोपरा. त्यात गोलकृमीची अंडी असू शकतात. ती पोटात गेली तर संसर्ग मेंदूपर्यंत पोचतो. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका. साफ करायचंच असेल तर हातमोजे आणि मास्क घालून, नंतर उकळतं पाणी ओतून. दिवसा अडखळत चालणाऱ्या किंवा माणसाला न घाबरणाऱ्या प्राण्याजवळ जाऊ नका, स्थानिक प्राणी नियंत्रण विभागाला फोन करा.

डेकखाली स्कंक आहे म्हणून पिंजऱ्यात पकडून दूर सोडून यायचा विचार असेल तर थांबा. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि अनोळखी जागी थंडीत सोडलेला प्राणी बहुधा जगत नाही. तो बाहेर गेला आहे हे मागावरून पक्कं करा, मग भोक बुजवा. पिल्लांच्या काळात, म्हणजे साधारण एप्रिलपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, बुजवू नका.

बर्फ वितळला आणि हिरवळीवर नागमोडी चर उघडे पडले. झाडांची सालही गेली आहे.

चर व्होलचे आहेत. हिवाळाभर बर्फाखाली जी रहदारी चालली होती तिच्या या वाटा. गवताची मुळं बहुतेक शाबूत असतात. मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा, जिथे माती उघडी पडली आहे तिथे थोडं बी टाका, मे महिन्यापर्यंत हिरवळ भरून येते.

झाडांचं नुकसान जास्त गंभीर. जमिनीलगत बारीक, वेड्यावाकड्या दातांच्या खुणा असतील तर व्होल; फूट-दोन फूट वर रुंद खुणा आणि तिरप्या कापलेल्या काड्या असतील तर ससा. बर्फ जितका उंच साचतो तितका ससा वर पोचतो, म्हणून खुणा कधीकधी आपल्या कमरेएवढ्या उंचीवर असतात. साल खोडाभोवती पूर्ण वर्तुळात गेली असेल तर ते झाड वाचणं कठीण. लहान सफरचंद, चेरी, गुलाब यांच्याभोवती नोव्हेंबरातच पाव इंची भोकांची लोखंडी जाळी लावा. दुकानात ती हार्डवेअर क्लॉथ या नावाने मिळते. दोन-तीन इंच जमिनीत पुरा, आणि वर नेहमीच्या बर्फाच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट जास्त ठेवा. खोडाला टेकलेला मल्चचा (झाडाभोवती पसरलेल्या साली-पाल्याचा) ढीग मागे ओढा, व्होलला त्याच्याच आडोशाने खोडापर्यंत येता येतं.

चरांऐवजी फुगलेल्या मातीच्या वरंब्या आणि ढिगारे दिसत असतील तर तो मोल, जमिनीखाली बोगदे खणणारा छोटा प्राणी. त्याला गांडुळं आणि अळ्या हव्या असतात, साल नको; त्याच्यासाठी जाळीवर पैसे खर्च करू नका.